गट ‘ड’चा राखणदार

नाव : इकाल, हेर्मेलिंदो. वय : एकोणपन्नास, अंदाजे. उंची : मध्यमाहून कमी. वर्ण : सावळा. ओळखीची खूण : कपाळावर आडवा वळ, कायमस्वरूपी. भाषा : केक्ची, स्पॅनिश कामापुरती. हुद्दा : सहायक राखणदार, पुरातन अवशेष, दुय्यम श्रेणी. कर्तव्ये : संरक्षित क्षेत्रात खोदकाम, उचलेगिरी व शेकोटी होऊ न देणे, झाल्यास वरिष्ठांस तात्काळ कळवणे. वर्तन : समाधानकारक. जन्मस्थान : नोंद उपलब्ध नाही.

हे सगळं खात्याच्या ओळखपत्रावर आहे, आणि त्यातलं खोटं असं काहीच नाही. कपाळावरचा वळ तर दुरूनही दिसतो. तो वेलदोड्याच्या पोत्यांनी सुरू केला आणि परदेशी पाठपिशव्यांनी पूर्ण केला. पाठीवर घेऊन जग हिंडता यावं म्हणूनच त्या पिशव्या शिवलेल्या असतात. पण आमच्या डोंगराची पहिली चढण लागली की त्यांच्या मालकांना हे पटेनासं होतं. मग हेर्मेलिंदो कातडी पट्टा कपाळाला लावतो, दोन पिशव्या एकमेकींना बांधून पाठीवर घेतो आणि मालक मोकळ्या हातांनी फोटो काढत मागून येतो. राखणदाराने हमाली करावी असं नियमात नाही. करू नये असंही नाही.

वाट ठरलेली आहे. सकाळी दोन पिरॅमिड आणि नाक तुटलेल्या राजाचा शिलाखंड. मग जंगलातून वर, गट ‘ड’ला पाणी पिण्यापुरता थांबा, कारण तिथे सावली चांगली आहे. तिथून खाली धबधबा. संध्याकाळच्या गाडीने कोबान : जुनं चर्च, फरसबंद रस्ते, कॉफी, गरम पाण्याची अंघोळ. एका दिवसात तीन काळ बघून होतात आणि शेवटच्या काळात केक मिळतो.

गट ‘ड’मध्ये बघण्यासारखं काही नाही. दगडांच्या कडा असलेली बुटकी जोती, त्यांवर झाडं, आणि सिमेंटमध्ये रोवलेला एक फलक. फलकावर लिहिलंय : ‘सामान्य लोकांची वस्ती. इ. स. सुमारे आठशे. रहिवासी अज्ञात कारणाने वस्ती सोडून गेले.’ पाहुणे फलक वाचतात आणि तरीही विचारतात. माणसाला वाचलेलं कुणाच्या तरी तोंडून ऐकायचं असतं. कोण राहत होतं इथे? साधी माणसं, हेर्मेलिंदो सांगतो, मका लावायची. मग काय झालं? गेली. का? तो हनुवटीने फलक दाखवतो.

पुढे धबधब्यावर तो त्यांना पाण्याच्या पडद्यामागची कपार दाखवतो. तरुण मंडळींना ती फार आवडते. पाण्याच्या आवाजात बोललेलं काही ऐकू येत नाही याचीच मजा वाटते. एकदा एका मुलाने बाहेर आल्यावर विचारलं की आत किती माणसं मावत असतील. हेर्मेलिंदो म्हणाला, हलली नाहीत तर पुष्कळ.

त्याला हे माहीत असण्याचं कारण असं, की ब्याऐंशी साली मका पेरायच्या तोंडावर तो आणि त्याची आई मार्सेला त्या कपारीत बसून होते. तेव्हा गट ‘ड’चं नाव सेचाज होतं. त्या सकाळी मार्सेला धबधब्यावर कपडे धुवायला आली होती आणि तेरा वर्षांचा हेर्मेलिंदो ओझं वाहायला बरोबर. ऊन कडक होतं म्हणून पोराने बापाची हॅट घातली होती. बाप, वेनान्सिओ, घरात तापाने पडून होता. त्याला हॅटचं काही काम नव्हतं. मग वरून गोळ्यांचे आवाज आले आणि त्यानंतर धूर.

सैनिक गेल्यावर दोघं वर आली. मार्सेलाने दांडा जळालेल्या कुदळीच्या पात्याने नवऱ्याला घराशेजारीच पुरलं. इतरांनाही जो जगला त्याने, जिथे पडले होते तिथेच पुरलं. मेणबत्ती नव्हती, धूप नव्हता, वेळ तर नव्हताच. आणि बरोबर द्यायला सामान नव्हतं. घर जळालं त्यात वेनान्सिओचा पेला गेला, दोर गेला, चपला गेल्या. हॅट शिल्लक होती, पण ती पोराच्या डोक्यावर आहे हे मार्सेलाला खूप पुढे गेल्यावर, रानात दुसऱ्या दिवशी कळलं. मागे फिरणं शक्य नव्हतं.

आमच्याकडे पुरुष हॅटशिवाय जात नाही. पुढची वाट लांबची, उघडी, उन्हाची. शिवाय तिकडे गेलेल्या माणसांचे चेहरे सारखे होतात म्हणतात. मागून येणारी बायको नवऱ्याला ओळखते ती हॅटवरून. ज्याला सामान दिलं नाही तो मागायला येतो. वेनान्सिओ स्वप्नात येत असे. सकाळी भाकरी थापता थापता मार्सेला त्याची तक्रार करायची. आज पुन्हा आला होता. बस म्हटलं तर बसला नाही. डोक्यावर हात धरून दारात उभा, जणू मीच याची हॅट लपवून ठेवलीये.

एका अर्थी लपवलेलीच होती. खताच्या पिशवीत गुंडाळून, चुलीच्या बरोबर वर आढ्याला बांधलेली. धुराने कीड लागत नाही.

आता हेर्मेलिंदोच्या हातून झालेली चूक. तशी ती आमच्या खोऱ्यात कुणाच्याही हातून झाली असती. सत्त्याण्णव साली, सरकार आणि बंडखोरांत तह झाल्यावर, एक अभियंता आला. तो जुन्या वस्तूंचा जाणकार होता, पण हातात कागद आणि पायात बूट असलेल्या माणसाला आम्ही अभियंताच म्हणतो. त्याच्याबरोबर नकाशे आणि जमिनीत रोवायच्या रंगीत काठ्या होत्या. सेचाजच्या जोत्यांशी उभं राहून त्याने विचारलं, ही कुणाची? खालच्या गावातले वडीलधारे सगळे तिथे होते. त्यांतल्या निम्म्यांची घरं पूर्वी त्या जोत्यांवर उभी होती. पण ‘आमची’ म्हटलं की पुढचा प्रश्न येतो : मग सोडून का गेलात? या प्रश्नाला बरोबर उत्तर देणारा माणूस आमच्या खोऱ्यात म्हातारा झालेला नाही. स्पॅनिश हेर्मेलिंदोला यायची म्हणून सगळ्यांनी त्याच्याकडे पाहिलं. तो म्हणाला, जुन्या लोकांची. फार जुन्या. म्हातारे माना डोलावत राहिले.

अभियंता चुकला असं म्हणता येणार नाही. त्याने माती चाळली तेव्हा जुन्या मडक्यांचे तुकडे निघालेच. सेचाजच्या लोकांना रानात तयार जोती सापडली होती, त्यांवर त्यांनी घरं बांधली होती. दगड कोण पुन्हा वाहून आणतो? अभियंता फक्त वरचा थर ओलांडून गेला. सगळी टेकडी संरक्षित झाली, फलक लागला, आणि जागेची माहिती असलेला माणूस म्हणून हेर्मेलिंदोला राखणदाराची नोकरी मिळाली. पुढची वीसेक वर्षं त्याने बापाच्या अंगावर कुणाला कुदळ मारू दिली नाही. वर्तन समाधानकारक.

मार्सेलाचे पाय सुजायला लागले आणि चुलीपासून दारापर्यंत जाताना दम लागायला लागला, तेव्हा तिने आढ्याकडे बोट दाखवून विषय काढला. मरणाबद्दल तिची तक्रार नव्हती. पण हॅट पोचवल्याशिवाय ती गेली, तर तिकडच्या गर्दीत उघड्या डोक्याच्या एवढ्या माणसांतून नवरा कसा ओळखायचा? हेर्मेलिंदो म्हणाला, बघतो. आईला दिलेला शब्द आणि खात्याला दिलेला शब्द यांच्यात आजवर कधी भांडण झालं नव्हतं.

तो नियमाने जाणारा माणूस. धुतलेला सदरा घालून कोबानच्या कचेरीत गेला. मी इथल्या शाळेत शिकवतो, आणि कागदांशी बोलायची मला सवय आहे असा गावाचा समज आहे, म्हणून मलाही बरोबर नेलं. साहेब तरुण होता, चांगला होता. त्याने कॉफी मागवली, सगळं ऐकून घेतलं, मग जुनी फाइल काढली.

“जुन्या लोकांची वस्ती, हे तुम्हीच सांगितलं होतं ना?”

“हो साहेब.”

“मग खोटं तेव्हा बोललात की आता बोलताय?”

“तेव्हा.”

“का पण?”

“बूट बघितले साहेब.”

साहेबाने नकळत आपले पाय खुर्चीखाली ओढून घेतले. मग त्याने परिस्थिती समजावून दिली, आणि त्याच्या आवाजात खरोखर वाईट वाटत असल्याचा सूर होता. जागा जुनी असेल तर खणता येणार नाही. जुनी नसेल तर तिथे प्रेतं आहेत, म्हणजे सरकारी वकील, हाडं ओळखणारं पथक, जबाब, आणि देशभरातून आलेल्या तशाच अर्जांची रांग. ही रांग आईच्या आयुष्यात संपेल असं तो म्हणू शकत नव्हता. आणि जागा जुनी आहे की नाही हे ठरवायचं कसं, तर...

“खणून,” हेर्मेलिंदो म्हणाला.

“त्याला परवानगी नाही,” साहेब म्हणाला. कॉफी चांगली होती.

गावात तोवर बातमी आमच्या आधी पोचली होती. पंचायतीचा प्रमुख क्रिसान्तो चोक हेर्मेलिंदोच्या दारातच उभा होता. गट ‘ड’ यादीतून गेला तर वाट जाईल, पाहुणे जातील, हे तो पहिल्यांदा बोलला. दुसरं कारण त्याने सांगितलं नाही, सांगायची गरजही नव्हती. सरकारी वकील आले की हाडांवर थांबत नाहीत, नावं विचारतात. ब्याऐंशी साली सैनिकांना सेचाजची वाट दाखवायला दोरीने बांधून नेलेले आणि न बांधता गेलेले, दोन्ही प्रकारचे लोक खालच्या गावात राहतात. ते सकाळी नमस्कार करतात. त्यांची नातवंडं माझ्या वर्गात आहेत.

“तुझ्या एकट्याचाच बाप आहे का वर?” क्रिसान्तो म्हणाला. “माझा भाऊ आहे. तो काही मागत नाही.”

“मागून काय करील? तुझ्याकडे द्यायला आहे काय त्याचं?”

क्रिसान्तोने वर टेकडीकडे पाहिलं. मग म्हणाला, “कर काय करायचं ते. मला सांगू नकोस,” आणि बाजूला झाला.

कोबानची जत्रा होती त्या दिवशी, पाहुणे सगळे तिकडे असणार म्हणून, हेर्मेलिंदोने एका बुटक्या खुर्चीचे पुढचे पाय कापले, तिला पट्टा लावला आणि आईला तीत बसवलं. पट्टा कपाळाला घेतला आणि उठला. पाहुण्यांच्या पिशव्यांपेक्षा ती हलकी होती, हे त्याला आवडलं नाही. खताची पिशवी तिने मांडीवर धरली होती. मी धूप, मेणबत्त्या आणि कोकोचं पेय भरलेला भोपळा घेऊन मागून चाललो. कुदळ हेर्मेलिंदोनेच हातात घेतली होती. ती त्याने मला उचलू दिली नाही.

जत्रेला न गेलेलं एक जोडपं वरून उतरत होतं. दोघंही तरुण, पाठीवर घरदार. वाट अरुंद म्हणून ते आदराने कडेला झाले, आणि मुलीने विचारलं की एक फोटो काढू का. कपाळाला पट्टा असला की मान हलवता येत नाही. हेर्मेलिंदो थांबला.

“काय म्हणते ती?” मार्सेलाने विचारलं.

“फोटो काढू का विचारते, आई.”

“कशाला? सांग तिला, मी अजून पूर्ण पडलेली नाही.”

त्याने स्पॅनिशमध्ये काय सांगितलं ते मी ऐकलं : चालेल. मुलीने फोटो काढला, हात छातीवर ठेवून आभार मानले. त्या फोटोत कुदळ नक्की आली असणार.

वर पोचल्यावर मार्सेलाला उतरवलं. ती छत्तीस वर्षांनी तिथे येत होती. आधी तिने फलक पाहिला.

“आपल्या दारात हे काय रोवलंय?”

“फलक आहे.”

“काय लिहिलंय?”

हेर्मेलिंदो वाचता येत नसल्यासारखा थोडा वेळ फलकाकडे बघत राहिला. “लिहिलंय की आपण निघून गेलो. का गेलो ते कुणाला माहीत नाही.”

“विचारलं होतं का कुणी?”

“मला विचारलं होतं,” तो म्हणाला.

मेणबत्त्या लावल्या, धूप पेटवला, कोको जमिनीवर ओतला. डोंगराच्या धन्याला हेर्मेलिंदोने सांगितलं की आम्ही चोरायला आलो नाही, द्यायला आलो आहोत. तुझी कातडी थोडी उघडतो, पुन्हा शिवू. मग मार्सेलाने बोट दाखवलं, जोत्याची कड आणि एक बुंधा यांच्या मधोमध, जराही न थांबता. इतकी वर्षं ती चुलीपाशी बसून मनातल्या मनात तिथे बोट दाखवत आली होती.

हेर्मेलिंदो खणू लागला. आधी पाट्याचा तुटका पाय निघाला. आमचे दळायचे पाटे पायांवर उभे असतात. तो बघताच मार्सेला म्हणाली, माझाच आहे, आण इकडे. तिचा चेहरा उजळला. मग मुळं. मग काळी माती, राखेची. आणि मग पाऊल. त्यातली हाडं एवढीशी होती की हेर्मेलिंदोला आधी ती कोंबडीची वाटली. त्यांच्याभोवती रबरी चपलेचा पट्टा होता, अजून निळा.

आठव्या शतकात रबरी चपला नव्हत्या. साहेबाला हवा होता तो पुरावा हाच. आमच्यापैकी कुणी ते बोललं नाही.

मार्सेला खुर्चीतून पुढे झुकली. बराच वेळ पाहत राहिली.

“हा आपला नाही,” ती म्हणाली. “झाक त्याला.”

“कुणाचा असेल?”

“कुणाचा का असेना. दुसऱ्याच्या झोपलेल्या पोराला आपण उठवायचं नसतं. झाक.”

त्याने माती हाताने लोटली; कुदळ वापरली नाही. उरलेला कोको मार्सेलाने त्यावर ओतायला लावला, आणि पाट्याचा पायही तिथेच ठेवायला लावला, पोराला काहीतरी असावं म्हणून. मग हेर्मेलिंदोने विचारलं की बुंध्याच्या पलीकडे खणू का, की जोत्याला लागून? ती जोत्याकडे बघत होती, झाडांकडे बघत होती.

“ही झाडं नव्हती तेव्हा,” ती म्हणाली. मग म्हणाली, “मला जागा आठवत नाही, लिंदो.”

लहानपणचं ते नाव तिने बऱ्याच वर्षांनी घेतलं होतं. तो खड्ड्याशेजारी बसला. धूप संपेपर्यंत आम्ही तिघंही बसलो. शेजारी अभियंत्याने नोंदवलेली सगळी जोती होती, आणि त्यांच्याखाली किती जण होते ते नोंदलेलं नव्हतं.

उतरताना ती पाठीवरून म्हणाली, त्याच्या मानेपाशी, पण मागे मला ऐकू येईल एवढ्या मोठ्याने : “पिशवी माझ्याबरोबर ठेव. मीच नेऊन देते. मी त्याला शोधण्यापेक्षा हॅट दाखवली तर तोच येईल.”

राखणदाराने संरक्षित क्षेत्रातलं खोदकाम वरिष्ठांस तात्काळ कळवायचं असतं. हेर्मेलिंदोने कळवलं. तपासनीस आला, भरलेला खड्डा टेपने मोजला, तस्करांचा हात दिसतो म्हणाला आणि राखणदाराच्या दक्षतेची तोंडभर स्तुती केली. काही नेलं का त्यांनी? काही नेलं नाही, हेर्मेलिंदो म्हणाला. काही ठेवलं का, असं विचारायची पद्धत नाही.

मार्सेला वेलदोड्याच्या तोडणीआधी गेली. बायकांनी तिला न्हाऊ घातलं, शवपेटीत तिची फणी, सुई, पेला ठेवला. हेर्मेलिंदोने खताची पिशवी सोडली. हॅट धुराने काळी झाली होती, पण कड शाबूत होती. एक म्हातारी कुरकुरली, बाईच्या पेटीत पुरुषाची हॅट, तिकडे हिला दुसरंच कुणी समजतील. हेर्मेलिंदो म्हणाला, समजले तर ती सांगेल. हॅट डोक्याशी नाही, हातांत ठेवली, दोन्ही हातांत, जशी दुसऱ्याची वस्तू पोचवायला नेतात तशी. क्रिसान्तो चोक खांदा द्यायला आला होता. त्याने पेटीत डोकावून पाहिलं, स्वतःच्या डोक्यावरची हॅट काढली, आणि ती पेटीत ठेवावी की नाही अशा विचारात क्षणभर हातात धरून उभा राहिला. मग पुन्हा घातली. भावाची ती नव्हतीच.

तिला खालच्या गावच्या दफनभूमीत पुरलं. वर पुरता आलं नसतं. गट ‘ड’मध्ये खोदकामाला मनाई आहे. वेनान्सिओला हॅट मिळाली की नाही हे कळायला मार्ग नाही. तो जिच्या स्वप्नात यायचा ती आता नाही, आणि हेर्मेलिंदोला स्वप्नं पडत नाहीत. निदान सकाळी तो तसं सांगतो. पाहुण्यांना पाणी प्यायला मात्र तो आता गट ‘ड’मध्ये थांबवत नाही. थोडं पुढे, उन्हात थांबवतो. सावली सोडून इथे का, असं ते विचारतात.

खड्डा सापडल्यामुळे खात्याने तिथे नवा फलक लावला, आधीपेक्षा मोठा, आणि सिमेंट जास्त घातलं. वरचा मजकूर तोच आहे. खाली एक ओळ वाढवली आहे : ‘या अवशेषांशी कोणाचाही खासगी संबंध नाही, ते सर्व राष्ट्राचे आहेत.’ त्याच सुमारास ओळखपत्रंही नवी आली. हेर्मेलिंदोच्या पत्रावर वय वाढलं, वर्तन समाधानकारक राहिलं, आणि जन्मस्थानाची नोंद याही वेळी उपलब्ध झाली नाही.

तो फलकाच्या डावीकडच्या दुसऱ्या जोत्यावर जन्मला.